गरोदरपणात बीपी वाढलं, तर गळ्याची सोनोग्राफी कशासाठी?

अकलूज : सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोटाचीच आठवते. पण बीपी वाढलेल्या गरोदर बाईच्या गळ्याचीही सोनोग्राफी करता येते. भूल देताना श्वासनळीत नळी घालणं अवघड जाईल का, याचा अंदाज त्यातून येतो. ही तपासणी अजून सरसकट होत नाही.

गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर बीपी १४०/९० किंवा जास्त झालं आणि लघवीत प्रथिनं आढळली, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट यांत बिघाड दिसला, तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. ‘पोटुशीचे पाय सुजायचेच’ असं घरोघरी म्हणतात, आणि पायांपुरतं ते बऱ्याचदा खरंही असतं. पण या आजारात सूज जिभेत आणि घशातही उतरू शकते. ती बाहेरून दिसत नाही.

सिझेरियन बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देऊन होतं, तेव्हा घशाचा प्रश्नच येत नाही. मात्र प्लेटलेट फार कमी झाल्या, झटके येऊन शुद्ध हरपली किंवा वार सुटून रक्तस्राव सुरू झाला, तर पूर्ण भूल द्यावी लागते. गरोदर बाईच्या फुफ्फुसात राखीव हवा कमी आणि ऑक्सिजनची गरज जास्त असते. नळी घालायला उशीर झाला की ऑक्सिजन झपाट्यानं उतरतो. प्रसूतीसाठी पूर्ण भूल दिलेल्या काहीशे बायकांत एकीला नळी घालता येत नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न केले तर सूज वाढते, बीपीही उसळतं.

म्हणून भूलतज्ज्ञ आधी तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगतात. शेषगिरी मल्लंपाटी या भारतीय वंशाच्या भूलतज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडलेली ही चाचणी फुकटची आणि अर्ध्या मिनिटाची. पण तिच्यात घशाचं तोंडच दिसतं, आतलं नाही. शिवाय कळा सुरू झाल्यावर घसा बदलतो. सकाळी ठीक दिसलेला घसा संध्याकाळी तसाच असेल असं नाही.

सोनोग्राफीत गळ्यावर जेल लावून कातडीपासून श्वासनळीवरच्या झडपेपर्यंतचं अंतर मोजतात, जिभेची जाडीही बघतात. काही मिनिटांचं काम, दुखत नाही. अंतर अडीच सेंटिमीटरच्या आसपास किंवा पुढे गेलं तर सावध व्हायचं. पण अभ्यासागणिक हा आकडा बदलतो, त्यामुळे ‘नॉर्मल’ आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आमच्या मते जास्त कामाच्या गोष्टी दोन : श्वासनळीची रुंदी बघून बारीक नळी निवडता येते आणि अगदी गळ्यातून वाट करायची वेळ आली तर नेमकी जागा आधीच खूण करून ठेवता येते.

धोका आधी कळला तर कॅमेऱ्याचं लॅरिंगोस्कोप आणि दुसरा अनुभवी भूलतज्ज्ञ तयार ठेवता येतो, नाहीतर पेशंट वेळेत हलवता येतो. अकलूजहून सोलापूरचं सर्वोपचार रुग्णालय शंभरावर किलोमीटर. कळा जोरात आल्यावर किंवा झटका आल्यावर हा रस्ता फार लांब पडतो.

एक अडचण कायद्याचीही आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ मध्ये आणि केंद्रानं १९९४ मध्ये कायदा केला. तो हवाच. पण त्यामुळे मशीन नोंदणीकृत लागतं, आणि गर्भवतीची सोनोग्राफी केली की नोंद ठेवावी लागते. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ एका दवाखान्यातून दुसऱ्यात जातात, मशीन मात्र पिशवीत घालून नेता येत नाही. गळ्याच्या तपासणीलाही फॉर्म भरायला सांगितला तर बिचकू नका.

घरच्यांनी भूलतज्ज्ञांना आपणहून सांगावं : हल्ली घोरणं वाढलंय का, आवाज घोगरा झालाय का, आडवं पडल्यावर धाप लागते का, दात हलतात का, आधी भूल देताना त्रास झाला होता का. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथं बीपी आणि लघवी तपासून घ्या. ऊसतोडीला गेलेल्या बायकांची ही तारीख हमखास चुकते. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, पोटात वरच्या बाजूला दुखतंय, तर ९ तारखेची वाट बघू नका, १०८ला फोन करा. हे त्रास बाळंतपणानंतरही होऊ शकतात, त्यामुळे घरी आल्यावरही बीपी तपासत राहावं लागतं.