बडोद्याची पत : अन्योन्य मंडळी ते बँक ऑफ बडोदा

बडोद्याच्या अर्थव्यवहाराचा इतिहास सांगताना प्रारंभ बहुधा सन १९०८ पासून, म्हणजे बँक ऑफ बडोदाच्या स्थापनेपासून, केला जातो. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कीर्तीला ते साजेसेच आहे. परंतु त्यामुळे या नगरीतील मराठी मध्यमवर्गाने त्याच्या एकोणीस वर्षे आधी केलेला एक उद्योग झाकला जातो. मोठ्या बँकेची योग्यता जाणण्यासाठीही आधी त्या छोट्या उद्योगाकडे वळले पाहिजे.

बडोद्यास पैशाची वाण नव्हती. हरिभक्ती, शामळ बेचर, गोपाळराव मैराळ यांच्या पेढ्यांचा लौकिक मोठा होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दरबारचा खर्च व शिबंदीचे पगार या पेढ्यांच्या पैशांवर चालत आणि कर्जाच्या तारणादाखल मुलखाचा वसूल त्यांच्याकडे लावून दिला जाई. अशी पेढी दरबाराला लाखांनी कर्ज देई; पण कचेरीतल्या कारकुनाला मुलीच्या लग्नासाठी किंवा घरच्या आजारपणासाठी पन्नास-शंभर रुपये लागले, तर त्याला मिळेल त्या व्याजाने सावकार गाठण्यावाचून गत्यंतर नसे. गावात पैसा होता, परंतु त्याला या माणसाच्या घरची वाट ठाऊक नव्हती.

ही वाट पाडली ती विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांनी. त्यांच्या मार्गदर्शनाखाली बडोद्यात स्थायिक झालेल्या काही महाराष्ट्रीय कुटुंबांनी दि. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली. सभासदांनी थोडे थोडे शिल्लक टाकावे आणि त्याच संचयातून अडलेल्या सभासदाला माफक व्याजाने कर्ज द्यावे, एवढीच तिची रीत. कर्ज घेणाऱ्याचे घर, पगार व स्वभाव देणाऱ्यांना ठाऊक असत. तेच मुख्य तारण. त्या वेळी हिंदुस्थानात सहकाराचा कायदाच नव्हता. पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँक काढण्याची वेडरबर्न व न्यायमूर्ती रानडे यांची योजना थोडी आधीच विलायत सरकारने नामंजूर केली होती. ज्या कामाला पुण्याकडील थोर मंडळी सरकारी मंजुरी मिळवू शकली नाहीत, ते बडोद्यातील नोकरदारांनी कोणाच्या मंजुरीवाचून आपल्या पुरते करून दाखवले. हिंदुस्थानातील नागरी सहकाराचा उगम अभ्यासक या मंडळीपाशी मानतात.

सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो सन १९०४ मध्ये. त्यानंतर मुंबई इलाख्यात अशा संस्था भराभर निघाल्या. सन १९०६ च्या पहिल्या दोन महिन्यांतच पुण्यास कॉसमॉस, तर बेळगाव जिल्ह्यात गोकाक अर्बन व बेळगाव पायोनियर या संस्था नोंदल्या गेल्या. त्याच जानेवारीत सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लुभाई सामळदास यांनी मुंबईत नागरी पतसंस्था काढली. यांतील ठाकरसी यांचे नाव पुढे दोनच वर्षांनी बँक ऑफ बडोदाच्या संस्थापकांतही येते.

सन १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनाने बडोद्यास यंत्रविद्या व रसायनविद्या आणली. प्रा. गज्जरांच्या हाताखाली शिकलेल्या कोटीभास्कर व अमीन यांनी १९०७ मध्ये अलेंबिक कंपनी काढली. हुन्नर तयार झाला; त्याला भांडवल पुरवणारे आधुनिक साधन मात्र नव्हते. मंडळीच्या तिजोरीतून लग्नकार्य निभावे, कारखाना निभत नसे. ही उणीव जाणून महाराजांनी आपले अमेरिकन अर्थसल्लागार राल्फ व्हाइटनॅक यांच्या साहाय्याने बँकेची योजना केली आणि दि. २० जुलै १९०८ रोजी दहा लाख रुपये भरणा भांडवलावर ती सुरू झाली. ठेवी, कर्जे व रकमांची ने-आण यांची सोय व्हावी आणि राज्यातील व लगतच्या प्रदेशातील कला, उद्योग व व्यापार यांना बळ मिळावे, हा तिचा हेतू सांगितला गेला. पैसा स्थानिक व विनियोगही प्रामुख्याने स्थानिक, हे तिचे वैशिष्ट्य होय.

ग्रंथप्रेमी वाचकांस कौतुक वाटावे अशी एक गोष्ट येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. बँकेच्या संस्थापकांतील श्रीमंत संपतराव गायकवाड, महाराजांचे बंधू, हे मोठे ग्रंथसंग्राहक होते. सन १९१० मध्ये बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले तेव्हा त्यांचा सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह त्यात दाखल झाला. खेडोपाडीच्या वाचनालयांसाठी रयतेने जमवलेल्या वर्गणीइतकीच रक्कम प्रांत पंचायत व तितकीच दरबार देई. लोकांनी आधी आपला वाटा टाकायचा, ही अन्योन्य मंडळीचीच रीत दरबारने ग्रंथांच्या बाबतीत उचलली, असे म्हणावेसे वाटते.

बँकेची कसोटी लवकरच लागली. सन १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक बुडाली, मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यापायी गेली आणि १९१७ पर्यंत देशात ८७ बँकांचे दिवाळे निघाले. बँक ऑफ बडोदा तरली. दरबारचा पाठिंबा हे त्याचे एक कारण; पण पाठिंब्याइतकेच श्रेय सावध कारभाराला दिले पाहिजे, कारण राजाश्रयाने ठेवी येतात, बुडीत कर्जे वसूल होत नाहीत.

पुढचा विस्तार सर्वश्रुत आहे. १९१० मध्ये अहमदाबादची शाखा, १९५३ मध्ये गुजराती व्यापाऱ्यांच्या पाठोपाठ मोंबासा व कंपाला, आणि दि. १९ जुलै १९६९ रोजी, एकसष्टाव्या वर्धापनदिनाच्या आदल्याच दिवशी, राष्ट्रीयीकरण. १ एप्रिल २०१९ रोजी विजया व देना या बँका तिच्यात विलीन झाल्या. संस्थान १९४९ मध्येच मुंबई राज्यात विलीन झाले होते. बँक मात्र बडोद्याचे नाव जगभर मिरवीत राहिली. बडोद्याच्या पेठेतील दुकानदार आता तिच्या असंख्य खातेदारांपैकी एक झाला, हे मोठेपणाचे मोल तिला द्यावे लागले.

अन्योन्य मंडळीही कालांतराने बँक झाली. परस्परांच्या ओळखीवर चाललेल्या संस्थेत जेव्हा ओळखीपलीकडचे ठेवीदार व कर्जदार येतात, तेव्हा ओळखीची जागा काटेकोर तपासणीने घ्यावी लागते. शतकाहून अधिक काळ टिकलेल्या या बँकेच्या व्यवहारांवर २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. १८८९ मध्ये ही मंडळी निघाली होती ती पगारातून शिल्लक टाकणाऱ्या वर्गासाठी.