वर्धा आणि डर्बन : घड्याळात साडेतीन तासांचे अंतर

वर्ध्यात दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील डर्बनमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात. भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे, तर दक्षिण आफ्रिकेची दोन तास पुढे आहे. दोन्ही देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे-मागे केली जात नाहीत, त्यामुळे हा फरक वर्षभर साडेतीन तासच राहतो. लंडनचे तसे नाही. तिथला फरक कधी साडेचार, कधी साडेपाच तास असतो. डर्बनला फोन करायचा असेल तर वर्ध्याच्या दुपारी साडेबारापासून संध्याकाळपर्यंतची वेळ सोयीची. सकाळी नऊला केलेला फोन तिकडे पहाटे साडेपाचला वाजतो.

सूर्याचा हिशेब मात्र थोडा वेगळा आहे. वर्धा सुमारे ७८.६ अंश आणि डर्बन सुमारे ३१ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणजे दोन्हीकडच्या सूर्यात खरा फरक जवळपास ३ तास १० मिनिटांचाच. उरलेली वीस मिनिटे प्रमाणवेळेची. भारतीय वेळ ८२.५ अंशांच्या, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर ठरते. वर्धा त्याच्या पश्चिमेला असल्याने तिथे सूर्याची मध्यान्ह सरासरी सव्वाबाराच्या सुमारास होते. डर्बन आपल्या ३० अंशांच्या रेखावृत्ताच्या किंचित पूर्वेला असल्याने तिथे ती बाराच्या चार मिनिटे आधीच होते.

ऋतूही उलटे. मे महिन्यात वर्धा विदर्भाच्या उन्हात भाजून निघते, तेव्हा डर्बनला हिवाळा लागत असतो. तो हिवाळाही समुद्रामुळे सौम्यच. वर्ध्यात वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो. डर्बन मकरवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे तिथे भरदुपारचा सूर्य नेहमी उत्तरेकडे दिसतो.

दोन्ही गावांचा स्वभाव पिकांनी आणि वाहतुकीने घडवला. वर्धा हा कापसाचा मुलूख. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकेकाळी दूरवर होते. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे रेल्वेमार्ग इथेच एकत्र येतात. डर्बन हे बंदर. आजूबाजूला उसाचे मळे, आणि त्या मळ्यांसाठी १८६० पासून करारावर आणलेले भारतीय मजूर. त्यांचे वंशज आज तिथे मोठ्या संख्येने आहेत. झुलू, इंग्रजी आणि भारतीय वळणाचे जेवण या शहरात सहज एकत्र नांदते.

या दोन गावांची तुलना करण्याचे खरे कारण मात्र महात्मा गांधी. १९०४ मध्ये त्यांनी डर्बनजवळ फिनिक्स वसाहत उभारली. ‘इंडियन ओपिनियन’चा छापखाना तिथे हलवला आणि शरीरश्रमाचे जीवन सुरू केले. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्यात आले आणि १९३६ मध्ये जवळच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. सेवाग्रामच्या कुटीत जे दिसते, त्यातले बरेचसे आधी फिनिक्सला करून पाहिलेले होते.

नशीब मात्र सारखे नव्हते. सेवाग्रामच्या कुट्या जपल्या गेल्या. वर्णभेदाच्या काळातील १९८५ च्या हिंसाचारात फिनिक्सची वसाहत जाळली गेली. आज तिथे दिसते ते गांधींचे घर नंतर पुन्हा बांधलेले आहे.