वुयी : खडकांच्या कुशीतला चहा

चीनच्या फुजियान प्रांताच्या वायव्य टोकाला, जियांग्शी प्रांताच्या सीमेवर वुयी ही पर्वतरांग पसरलेली आहे. लालसर वालुकाश्माचे ताशीव कडे, त्यांच्या मधून नऊ वळणे घेत सुमारे साडेनऊ किलोमीटर वाहणारी नदी आणि घनदाट अरण्य यांमुळे १९९९ मध्ये युनेस्कोने नैसर्गिक व सांस्कृतिक अशा दोन्ही निकषांवर या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. चहाच्या इतिहासात वुयीचे स्थान याहूनही मोठे आहे. ऊलाँग आणि काळा चहा या दोन्ही प्रकारांचे माहेर म्हणून हाच डोंगराळ मुलूख ओळखला जातो. येथील ऊलाँगला चिनी भाषेत ‘यान छा’, म्हणजे ‘खडकावरचा चहा’ म्हणतात.

हे नाव केवळ अलंकारिक नाही. वुयीच्या कड्यांची झीज होऊन तयार झालेली खडेमिश्रित, आम्लधर्मी माती दऱ्यांच्या तळाशी साचते. पाण्याचा निचरा तिच्यातून चटकन होतो. मात्र कड्यांच्या भेगांतून पाझरणारा ओलावा वर्षभर टिकून राहतो. वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस, सकाळचे दाट धुके आणि दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमुळे दिवसातले मोजके तासच मिळणारे ऊन, अशा परिस्थितीत झुडपे सावकाश वाढतात. माती धरून ठेवण्यासाठी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या दगडी बांध रचले आहेत. काही ठिकाणी एका बांधावर जेमतेम तीन-चार झुडपे मावतात. चहाची उत्तम झाडे झिजलेल्या दगडांच्या जमिनीत येतात, असे आठव्या शतकातील लू यू याने आपल्या चहाविषयक ग्रंथात नोंदवले होते. वुयीचे लोक त्याचा दाखला आजही अभिमानाने देतात.

या चहाच्या स्वभावाचे वर्णन चिनी रसिक ‘खडकाचे हाड, फुलाचा गंध’ अशा शब्दांत करतात. पहिल्या घोटाला निखाऱ्याचा भाजका वास येतो, त्यामागून ऑर्किड किंवा पिकल्या फळासारखा सुवास येतो आणि घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी गोडवा परततो. या सगळ्याच्या तळाशी ओल्या दगडाची आठवण करून देणारी जी भरीव चव असते, तिला ‘यान युन’ असे नाव आहे. तिची नेमकी व्याख्या करणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. मात्र सपाटीवरच्या मळ्यातील त्याच जातीच्या झाडाला ती येत नाही, याबद्दल दुमत नाही.

अर्थात, सारे श्रेय खडकाला देणे कारागिरांवर अन्याय करणारे ठरेल. हिरव्या चहासाठी कोवळे अंकुर खुडतात. येथे अंकुर उलगडून पाने मोठी होईपर्यंत थांबतात. एप्रिलअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत तीन-चार पानांचे शेंडे खुडले जातात. ती पाने आधी उन्हात कोमेजू देतात, मग बांबूच्या गोल परड्यांत हलवून पुन्हा विसावू देतात. हलवणे आणि विसावणे हा क्रम रात्रभर चालतो. पानांच्या कडा एकमेकांवर आपटून किंचित जखमी होतात, तेवढाच भाग हवेशी संयोग पावून तांबूस होतो आणि मधला भाग हिरवाच राहतो. नेमक्या क्षणी पाने तप्त कढईत टाकून ही प्रक्रिया थांबवतात, मग ती वळून सुकवतात. तो क्षण घड्याळावरून ठरत नाही, पानाच्या वासावरून ठरतो. त्यामुळे हंगामात कारागिरांना रात्री झोप मिळत नाही.

त्यानंतरची भाजणी हे वुयीचे खरे वैशिष्ट्य. कोळशाचे निखारे राखेखाली झाकून मंद केले जातात आणि त्यांवर बांबूच्या टोपल्यांतून चहा कित्येक तास शेकला जातो. काही आठवडे विश्रांती देऊन पुन्हा भाजणी होते. वसंतात खुडलेला चहा त्यामुळे बहुधा शरदातच बाजारात येतो. भाजणी अधिक झाली तर जागेचा गुण जळून जातो. आणि हलक्या प्रतीचा माल खपवण्यासाठी तो मुद्दाम करपेपर्यंत भाजणारेही असतात.

वुयीत झुडपांच्या जाती शेकड्यांनी मोजल्या जातात. आज मुख्य लागवड मात्र दोनच जातींची आहे. ‘रोउग्वेइ’ला दालचिनीसारखा तिखट सुगंध असतो, तर ‘श्वेइश्यान’ मऊ व गंभीर चवीचा असतो. जुन्या श्वेइश्यान झुडपांच्या चहाला शेवाळलेल्या लाकडासारखी छटा येते. सर्वांत मोठे नाव मात्र ‘दा होंग पाओ’चे, म्हणजे ‘मोठ्या लाल झग्या’चे. परीक्षेला निघालेल्या एका विद्वानाचा आजार या पानांनी बरा झाला आणि त्याने कृतज्ञतेने आपला राजदत्त झगा झाडांवर पांघरला, अशी दंतकथा सांगतात. ज्यूलोंगखे येथील कड्याच्या कपारीत उभी असलेली सहा झुडपे मूळ दा होंग पाओ मानली जातात. त्यांच्या २० ग्रॅम चहाला २००५ मध्ये २ लाख ८ हजार युआन मोजले गेले. २००६ पासून या झुडपांची खुडणी पूर्ण थांबवण्यात आली आणि अखेरच्या खुडणीतील २० ग्रॅम चहा २००७ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे सुपूर्द झाला. म्हणजेच दुकानात मिळणारा दा होंग पाओ त्या झुडपांचा असणे शक्यच नाही. तो कलमांपासून वाढवलेल्या झाडांचा असतो किंवा, बहुतेक वेळा, रोउग्वेइ, श्वेइश्यान आदींचे मिश्रण असतो. मिश्रण वाईटच असते असे नाही. कुशल हाताने केलेले मिश्रण निकृष्ट जागेतल्या ‘शुद्ध’ चहापेक्षा कितीतरी सरस ठरते.

नाव मोठे होऊन जमिनीला मागे टाकते, हा अनुभव वुयीला नवा नाही. ‘वुयी’ या शब्दाच्या स्थानिक उच्चारावरून युरोपात ‘बोही’ हे नाव रूढ झाले. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये बोही म्हणजे उंची चहा. मागणी वाढली, आसपासच्या मुलखातला माल त्याच नावाने जाऊ लागला आणि शतक सरता सरता बोही हे सर्वांत हलक्या प्रतीचे नाव होऊन बसले. १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात समुद्रात फेकलेल्या ३४० पेट्यांपैकी २४० पेट्या बोहीच्या होत्या. याच पर्वतरांगेतील तोंगमू हे गाव काळ्या चहाचे उगमस्थान मानले जाते. पाइनच्या धुरावर सुकवलेला तेथला चहा जगभर ‘लापसांग सूशाँग’ म्हणून ओळखला जातो.

वुयीचा धागा भारतापर्यंतही येतो. ईस्ट इंडिया कंपनीसाठी काम करणारा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉर्च्यून १८४९ मध्ये चिनी वेश करून या डोंगरात शिरला आणि मठांतून मुक्काम करीत त्याने रोपे जमवली. चीनमधून त्याने पाठवलेली हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत पोहोचली, त्यांबरोबर चिनी कारागीरही आले. भारतीय चहाच्या भरभराटीत आसामच्या देशी झाडाचा वाटा अधिक असला, तरी एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच भारत आणि सिलोन यांनी ब्रिटिश बाजारात चिनी चहाला मागे टाकले. शब्दांची वाटणीही गमतीची आहे. मराठीतला ‘चहा’ चिनी ‘छा’वरून आला, तर इंग्रजांचा ‘टी’ फुजियानच्याच किनाऱ्यावरील बोलीतून डच व्यापाऱ्यांमार्फत गेला.

आज प्रश्न पुन्हा जमिनीचाच आहे. जाणकारांच्या मते अस्सल खडकचहा सुमारे ७० चौरस किलोमीटरच्या संरक्षित निसर्गक्षेत्रातला, त्यातही ‘तीन दऱ्या आणि दोन घळी’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या चिंचोळ्या पट्ट्यातला. चीनच्या २००२ च्या राष्ट्रीय मानकाने हा गाभा आणि बाहेरचा मुलूख यांत फरक केला होता. २००६ च्या सुधारित मानकाने तो पुसून टाकला आणि वुयीशान शहराच्या संपूर्ण, सुमारे २,८०० चौरस किलोमीटरच्या हद्दीला ‘वुयी खडकचहा’ हे नाव वापरण्याची मुभा दिली. बाहेरच्या गावांतील शेतकऱ्यांना यातून रोजीरोटी मिळाली, हे नाकारता येणार नाही. मात्र भाव वाढताच जंगल तोडून मळे काढण्याची लाट आली. उतारांची माती वाहून जाऊ लागली, तेव्हा प्रशासनाला बेकायदा मळे उखडून तेथे पुन्हा झाडे लावण्याच्या मोहिमा हाती घ्याव्या लागल्या. दुसरीकडे, नावातला फरक कायद्याने पुसला तरी बाजाराने तो स्वतःच पुन्हा आखला. न्यूलानखंग या दरीतील रोउग्वेइला व्यापारी थोडक्यात ‘न्यू रोउ’ म्हणतात. चिनी भाषेत त्याचा अर्थ ‘गोमांस’ होतो. हा शब्दखेळ ठाऊक असलेला ग्राहक त्या चहासाठी अव्वाच्या सव्वा किंमत मोजतो, आणि त्या दरीत पिकू शकेल त्याहून कितीतरी अधिक चहा त्या नावाने विकला जातो.

हा चहा दुधासाखरेशिवाय पितात. शंभर-सव्वाशे मिलिलिटरच्या झाकणाच्या पेल्यात सात-आठ ग्रॅम पाने घालून त्यावर खळखळते पाणी ओततात आणि काही सेकंदांतच अर्क छोट्या वाट्यांत गाळून घेतात. तीच पाने सात-आठ वेळा चालतात. परीक्षक आधी झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घेतात, नंतर रिकाम्या वाटीचा. नुसत्या भाजणीच्या जोरावर उभा असलेला चहा तिसऱ्या-चौथ्या पाण्याला कोळशासारखा सपक लागतो. दरीतला चहा तोवर कुठे भाजणीचा वास मागे सारून फुलू लागलेला असतो.