झरीची सभा : नेत्याविना गट कसा उभा राहतो?

(१)
मोठ्या वकिली कंपन्यांच्या निवड-केंद्रांत आज उमेदवारांना एका मेजाभोवती बसवून एखादे प्रकरण दिले जाते. ठरलेल्या वेळात चर्चा करावी, एकमत घडवावे, समोरच्या पक्षाशी वाटाघाट करावी, अशी ही परीक्षा असते. तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४२ मध्ये ब्रिटिश लष्कराने अधिकारी-निवडीची मंडळे स्थापन केली आणि मानसोपचारतज्ज्ञ विल्फ्रेड बायन यांनी नेता न नेमलेल्या गटाची चाचणी रचली.

(२)
त्याच महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत हजारो वारली हाच प्रश्न सोडवीत होते : सर्वांनी मिळून एक बाजू कशी ठरवायची आणि ती शेवटपर्यंत कशी टिकवायची? येथे पणाला लागली होती ती त्यांची स्वतःची मोकळीक.

(३)
तलासरी तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यात होते. जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेली. त्यांच्या शेतावर फुकट राबणे म्हणजे वेठबिगार. लग्नासाठी कर्ज काढणारा नवरा आणि त्याची बायको सावकाराची बांधील होत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. ते कर्ज सहसा आयुष्यभर फिटत नसे.

(४)
७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडचे मोजके वारली तेथे गेले होते. त्यांपैकी माह्या धांगडा यांनी व्यासपीठावर चढून आपल्या लोकांची व्यथा सांगितली. परतलेल्यांनी ऐकलेली गोष्ट पाड्यापाड्यांत नेली. गटाच्या तयारीची ही पहिली पायरी होती.

(५)
दुसरी पायरी वस्तुस्थिती जाणून घेण्याची. गोदावरी परुळेकर या पुण्यात वाढलेल्या कायद्याच्या पदवीधर. त्या व पती शामराव परुळेकर यांनी हा मुलूख पायी हिंडून पाहिला. कोण किती राबतो, पदरात काय पडते, नकार दिल्यास काय होते, हे राबणाऱ्यांच्याच तोंडून ऐकले. हा सारा अनुभव पुढे त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात उतरला. त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

(६)
२३ मे १९४५. तलासरीजवळच्या झरी गावी सुमारे ५,००० वारली जमले. ठराव झाले ते असे : रोख १२ आणे रोज मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खाजगी शेतावर काम करायचे नाही, फुकट राबायचे नाही, कोणी मारहाण केली तर प्रतिकार करायचा, सर्वांनी एकजुटीने राहायचे.

(७)
या ठरावांची ताकद त्यांच्या आटोपशीरपणात होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही ते पाठ सांगता येत. मागणीला आकडा होता, त्यामुळे दुमत व्हायला जागा नव्हती. जमीनदार एकेकट्याला गाठून विचारी, तेव्हा प्रत्येकाचे उत्तर एकच येई.

(८)
पुढची कसोटी गवतकापणीची. मुंबईच्या तबेल्यांना येथील गवत लागे आणि कापणीचा हंगाम थोडा असे. म्हणून संपाची वेळही नेमकी हेरली गेली. ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये, ही मागणी.

(९)
मात्र एकजुटीचीही एक नाजूक जागा असते : निरोपावरचा विश्वास. १० ऑक्टोबर १९४५ रोजी गोदावरीबाईंच्या नावे खोटा सांगावा पसरवण्यात आला आणि तलवाड्यास हजारो वारली गोळा झाले. सशस्त्र जमाव चालून आल्याची वर्दी पोलिसांना मिळाली. गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. निरोप खरा की खोटा, हे पडताळण्याची सोय त्या समुदायापाशी नव्हती. त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागली.

(१०)
तरीही संप मोडला नाही. १९४६ मध्ये परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले, तेव्हाही जंगलकामाचा संप चालूच राहिला. बायन यांना जे प्रयोगात पाहायचे होते, ते येथे प्रत्यक्षात घडले. नेता दूर असतानाही गट टिकला, कारण निर्णय प्रत्येकाने आपला मानला होता.

(११)
१९५० मध्ये राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीस मनाई केली. वेठबिगार पद्धत नष्ट करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा १९७६ मध्ये झाला. झरीच्या सभेने तीच गोष्ट त्याआधी ३१ वर्षे ठरवली होती.

(१२)
गटचर्चेची तयारी म्हणजे मोठ्याने आणि आधी बोलण्याचा सराव, असा समज आढळतो. झरीचा इतिहास वेगळा क्रम दाखवतो : आधी ऐकणे, मग मोजणे, मग थोडक्यात ठरवणे आणि अखेरीस गटातील सर्वांत अबोल माणसालाही ते आपल्या शब्दांत सांगता येईल, याची खात्री करणे. तलवाडा त्यात आणखी एक पायरी जोडतो : कानी आलेला निरोप पारखून घेणे.