जाणून घ्या : जुना स्टुडिओ कंडेन्सर माइक घेताना काय तपासाल?

शनवारा (बऱ्हाणपूर) : भजनं, लोकगीतं घरीच रेकॉर्ड करायची तर जुना नामांकित माइक घ्यावा का, हा प्रश्न इकडे आणि रावेर-जळगावकडेही पडतो. रक्कम मोठी असते, म्हणून आधी माहिती हवी.

कंडेन्सर माइकमध्ये सोन्याचा थर दिलेला अतिशय पातळ पडदा असतो आणि त्यामागे धातूची चकती. आवाजानं पडदा हलतो, दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्यातून सिग्नल तयार होतो. त्याला वीज लागतेच.

मॉडेल नीट विचारा. बर्लिनच्या नॉयमन कंपनीचा यू ४७ (१९४९) व्हॉल्व्हवर चालतो. त्याचा स्वतंत्र पॉवर सप्लाय सोबत नसेल तर माइक चालणार नाही. १९६७ चा यू ८७ ट्रान्झिस्टरवाला असून ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर चालतो. १९८६ पासूनचा यू ८७ एआय जास्त संवेदनशील आहे. दोघांचे भाव एक समजू नका.

काय तपासाल?

• शांत खोलीत हेडफोन लावून ऐका. चरचर, फटफट असेल तर कॅप्सूलमध्ये ओल किंवा मळ असू शकतो.
• यू ८७ चे तिन्ही पॅटर्न फिरवून बघा.
• कॅप्सूल मूळची की बदललेली, ते विचारा. बदललेली असेल तर भाव कमी करून मागा.
• सिरियल नंबर, पावती बघा. नकली माल असतो.
• फुंकर मारून तपासू नका, पडदा खराब होतो.

ऐकल्याशिवाय पूर्ण पैसे पाठवू नका. पावसाळ्यात माइक सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा.