एक एकर, चोवीस विहिरी

टेक्सास म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घोडे, गुरे आणि रुंद काठाच्या टोप्या उभ्या राहतात. पण या राज्याच्या पूर्वेकडे, पाइनच्या रानात, किलगोर नावाचे एक लहानसे शहर आहे. माणसाची हाव आणि शहाणपण एकाच जागी पाहायचे असेल, तर न्यूयॉर्क-शिकागो बाजूला ठेवून मी या आडगावाकडे बोट दाखवीन.

१८७२ साली रेल्वे आली म्हणून गाव वसले आणि जमीन विकणाऱ्या गृहस्थाचे आडनाव त्याला मिळाले. पुढची जवळजवळ साठ वर्षे तिथे कापूस पिकला आणि विकला गेला, यापलीकडे सांगण्यासारखे फारसे नाही. १९२९ च्या सुमारास वस्ती पाचशेवर उतरली होती.

या भागात तेल नाही, असा मोठ्या कंपन्यांच्या तज्ज्ञांचा निर्वाळा होता. डॅड जॉइनर नावाच्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने तो मानला नाही. लोकांना हिस्से विकून तो पैसा उभा करी आणि खणत राही. दोन विहिरी फुकट गेल्या. डेझी ब्रॅडफर्ड या विधवा बाईंच्या शेतातली तिसरी ३ ऑक्टोबर १९३० रोजी उसळली. पण म्हाताऱ्याने एकेक हिस्सा अनेकांच्या गळ्यात बांधून ठेवलेला. त्यामुळे तेल लागले हीच त्याच्यावर आपत्ती! नोव्हेंबरात त्याने आपले हक्क एच. एल. हंटला विकले. हंट जगातल्या गडगंज श्रीमंतांत जाऊन बसला. जॉइनर १९४७ साली वारला तेव्हा त्याच्यापाशी फारसे काही उरले नव्हते.

किलगोरचे नशीब उघडले ते २८ डिसेंबर १९३० च्या रविवारी. लू डेला क्रिम या बाईंच्या जमिनीतली विहीर दिवसाला बावीस हजार पिंपे ओकू लागली. बघता बघता पाचशेचे गाव हजारोंचे झाले. तंबू, चिखल, जुगारी आणि पाकीटमार यांची जत्रा भरली. तुरुंग अपुरा पडला, तेव्हा गोन्झाउल्लास नावाच्या रेंजर अधिकाऱ्याने एका जुन्या चर्चमध्ये लांब साखळी ताणून कैदी तिला जखडून ठेवले.

या साऱ्या धावपळीच्या मुळाशी होता एक कायदा. जमिनीखालचे तेल जो आधी वर काढील त्याचे! शेजाऱ्याच्या जमिनीखालचे तेल झिरपत तुमच्या विहिरीत आले, तर ते तुमचे. एका शहाळ्यात दहाजणांनी नळ्या खुपसाव्यात, मग सावकाश पिणारा वेडाच ठरायचा. दुकानांच्या मागच्या भिंती पाडून मनोरे उभे राहिले. एक विहीर तर बँकेच्या फरशीतून खणली गेली. भर बाजारातल्या जेमतेम एकरभर जागेत चोवीस विहिरी झाल्या! जगातला सर्वांत श्रीमंत एकर म्हणून गाव तो अजून अभिमानाने दाखवते.

पण भूमातेचे गणित वेगळे. तेलाला वर ढकलणारे खालच्या पाण्याचे बळ अशा उपशाने खचू लागले, आणि १९३१ साली डॉलरभर किमतीचे पिंप दहा सेंटांवर आले. ऑगस्टात गव्हर्नर स्टर्लिंगने लष्करी कायदा पुकारून विहिरी बंद केल्या. गंमत अशी, की गव्हर्नर एका मोठ्या तेलकंपनीचा माजी अध्यक्ष आणि सैन्याचा सेनापती दुसरीचा वकील. कुंपणच शेत खायला निघाले, असे छोट्या विहीरवाल्यांना वाटले तर नवल काय! पुढल्या वर्षी न्यायालयांनीही ही लष्करी कारवाई बेकायदा ठरवली. मग रात्री चोरून तेल काढण्याचा धंदा बोकाळला. १९३५ च्या केंद्रीय कायद्याने त्याला आळा बसला, आणि कोणी किती उपसावे हे ठरवण्याचे काम टेक्सासच्या रेल्वे कमिशनकडे पक्के झाले. रेल्वेसाठी नेमलेले हे मंडळ तेलाचे माप धरून बसले. १९६० साली ओपेक स्थापणाऱ्यांपुढे याच मंडळाचा नमुना होता.

पैशाने गावाने १९३५ साली कॉलेज काढले. तिथल्या मुलींचे 'रेंजरेट्स' हे कवायत-नृत्याचे पथक १९४० पासून नावाजलेले. १९५८ साली मॉस्कोत पियानोची स्पर्धा जिंकून अमेरिकेला थक्क करणारा व्हॅन क्लायबर्न याच गावात वाढला. त्याचे वडील तेलकंपनीत नोकरीला होते.

आता जे सांगायचे ते सणाच्या दिवसांत सांगावे की नाही, असा विचार मनात येतो. किलगोरपासून थोड्याच मैलांवर न्यू लंडन हे खेडे. तिथली शाळा तेलाच्या करातून बांधलेली आणि श्रीमंत; तरी पैसे वाचवायला तेलाबरोबर निघणारा टाकाऊ वायू शाळेने फुकट जोडून घेतला होता. त्याला ना रंग ना वास. गळलेला वायू जमिनीखाली साठला. १८ मार्च १९३७ रोजी, शाळा सुटायला काही मिनिटे असताना, एका यंत्राची ठिणगी पडली. सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक गेले. तेलाच्या विहिरींवरचे मजूर धावत आले आणि रात्रभर हातांनी ढिगारे उपसत राहिले. त्यांतल्या कित्येकांची स्वतःची मुले खाली होती.

वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळलेच पाहिजे, असा कायदा टेक्सासने त्याच वर्षी केला. पुढे ही पद्धत सगळीकडे पसरली. चकल्या तळताना शेगडीचे बटण चुकून उघडे राहिले, की स्वयंपाकघरातून "गॅसचा वास येतोय ग!" अशी हाक येते, तो वास वायूचा नसून मुद्दाम मिसळलेला असतो.

किलगोरमधले बहुतेक जुने मनोरे केव्हाच उतरवले गेले. पुढे गावकऱ्यांनी हौसेने पुन्हा काही उभारले.  नाताळात त्यांच्या शेंड्यांवर दिव्यांचे तारे लावतात, आणि आपल्या आकाशकंदिलांसारखे ते लांबून दिसतात.