बिल शून्य व्हायला साडेचार वर्षं का लागली?

मंडळी, परवा मुलुंडला एका सोसायटीत गप्पा चालल्या होत्या. एक काका म्हणाले, "आमच्या साडेचारशे फुटांच्या घराला मालमत्ता कर नाही, महापालिकेने माफ केला." म्हटलं, काका, महापालिकेला तो अधिकारच नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणून हे लिहितोय.

मुंबई महापालिका आजही 1888 च्या कायद्यावर चालते. फिरोजशहा मेहतांच्या काळातला कायदा. तेव्हा अंधेरी, घाटकोपर, बोरिवली मुंबईत नव्हतीच. 1950 मध्ये हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली, 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. आपण उशिरा आलो, पण कायदा तोच लागू झाला. त्यात करमाफी घालायची तर ती राज्य सरकार आणि विधिमंडळच घालू शकतं. पालिकेच्या हातात काय? सभागृहात ठराव करायचा, नगरविकास खात्याकडे पाठवायचा आणि वाट बघायची.

2017 च्या निवडणुकीत शिवसेनेने 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीचं वचन दिलं. जुलै 2017 मध्ये सभागृहाने ठराव केला. गंमत बघा, त्याच महिन्यात जीएसटी आला आणि पालिकेची जकात गेली. वर्षाला सात हजार कोटींच्या आसपासचं हक्काचं उत्पन्न! तेही कायदा बदलूनच गेलं, पण त्याला काही वाट बघावी लागली नाही.

आपला ठराव मात्र मंत्रालयात पडून राहिला. मार्च 2019 मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. लोक खूश. मग बिलं आली आणि कळलं की माफ झालाय तो फक्त 'सर्वसाधारण कर'. जलकर, जललाभ कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर, सगळं जागच्या जागी. एका शब्दाचा फरक, पण तो घराघरात भरावा लागला. ठराव करणाऱ्यांनी आणि मंजूर करणाऱ्यांनी तो शब्द आधी वाचला नव्हता का, हा माझा जुना प्रश्न आहे.

पूर्ण माफी आली जानेवारी 2022 मध्ये. सोळा लाखांवर घरांना फायदा, असं तेव्हा सांगितलं गेलं. तेव्हाही पालिकेची निवडणूक तोंडावर होती, हे लक्षात असू द्या.

ती निवडणूक काही झाली नाही. 7 मार्च 2022 ला मुदत संपली, प्रशासक बसले. वॉर्ड आधी 227 चे 236 केले, पुन्हा 227 केले, दोन्ही वेळा राज्याने कायदा बदलून. त्यावर मत द्यायला ऑगस्टमध्ये सभागृहच नव्हतं. अखेर 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं.

आता नगरसेवक भेटले की गटाराबरोबर एवढंही विचारा: राज्याकडे कोणते ठराव पाठवलेत, आणि त्यातले किती परत आले? उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये टाका.